कंट्री संगीत : कुंपण कोणी घातले?

जिम रीव्हज हे नाव आपल्या समाजातील जुन्या पिढीला परके नाही. मुंबई-गोव्याकडील अनेक ख्रिस्ती घरांत त्याच्या तबकड्या आणि पुढे ध्वनिफिती वर्षानुवर्षे वाजत राहिल्या. १९६३ साली निघालेला त्याचा नाताळगीतांचा संग्रह तर कित्येक कुटुंबांत गव्हाणीच्या देखाव्याइतकाच नाताळचा भाग होऊन बसला. त्याच्या संथ, मृदू, खर्जाकडे झुकणाऱ्या आवाजालाच आपल्याकडील श्रोत्यांनी 'कंट्री' म्हणून ओळखले. परंतु हा आवाज ज्या अमेरिकेतून आपल्याकडे आला, तेथे त्याच काळी 'हे कंट्री नव्हेच' असे ठामपणे म्हणणारे जाणते लोक होते. त्यांची तक्रार अशी, की गावाकडचे फिडल गेले, स्टील गिटार मागे पडली आणि त्यांच्या जागी तंतुवाद्यांचा शहरी ताफा व गुळगुळीत वृंदगान आले. आपण ज्याला त्या संगीताचा नमुना समजत होतो, त्याला त्या संगीताच्या घरातलीच काही माणसे भेसळ म्हणत होती.

कंट्री कशाला म्हणावे, हा वाद त्या संगीताइतकाच जुना आहे आणि अद्याप मिटलेला नाही. तो केवळ शब्दांचा वाद असता तर त्यात शिरण्याचे कारण नव्हते. पण एखादे गाणे नभोवाणीवर वाजणार की नाही, गायकाला पारितोषिक मिळणार की नाही, किंबहुना त्याचे पोट त्या कलेवर भरणार की नाही, हे या एका व्याख्येवर ठरत आले आहे. म्हणूनच त्याची तपासणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या वादात मुख्यतः तीन मते ऐकू येतात. पहिले मत वाद्यांचे आणि गायकीचे : फिडल, बँजो, स्टील गिटार आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातील बोलीचा हेल असेल तरच ते कंट्री. दुसरे मत जीवनाचे : गाणारा त्या मातीतला असावा, शेतमजुरी, कोळशाची खाण, मालगाडी, शनिवारचा गुत्ता आणि रविवारचे मंदिर हे सारे त्याने भोगलेले असावे. तिसरे मत व्यवहाराचे : कंट्री म्हणून जे विकले जाते आणि कंट्रीच्या यादीत ज्याचे नाव छापले जाते ते कंट्री. तिन्ही मतांत तथ्यांश आहे; तथापि तिन्ही कसाला लावून पाहिली पाहिजेत.

वाद्यांचा पुरावा प्रथम पाहू. बँजो हा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी आपल्या स्मृतीतून अमेरिकेत घडविला. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. त्याच्या चाली ब्रिटन-आयर्लंडमधून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या. मँडोलिन इटलीचे, गिटार स्पेनची, योडल हा गळ्याचा प्रकार आल्प्सच्या डोंगरातील गुराख्यांचा. आणि ज्या स्टील गिटारच्या आर्त स्वराला शुद्धतावादी कंट्रीचा प्राण मानतात, ती थेट हवाई बेटांतून आलेली. हीच हवाई गिटार १९४० च्या दशकात ताउ मो या हवाईयन वादकाबरोबर कलकत्त्यासही पोहोचली आणि पुढे व्हॅन शिपले यांच्यासारख्या वादकांच्या हातून हिंदी चित्रपटगीतांत रुळली. लुइझियाना राज्यातील फ्रेंचभाषक कॅथलिकांचे, म्हणजे केजन लोकांचे, नृत्यसंगीतही या प्रवाहात मिसळले आहे. हँक विल्यम्सने १९५२ साली गाजविलेले 'जांबालाया' हे गाणे केजन चालीवर बांधलेले आहे. १९७५ साली मेक्सिकन वंशाच्या फ्रेडी फेंडरने अर्धे गाणे इंग्रजीत व अर्धे स्पॅनिशमध्ये गाऊन कंट्रीच्या यादीत पहिला क्रमांक मिळविला. अशा संगीताला मूळची शुद्धता कोणती म्हणायची?

शिवाय वाद्यांवरील बंधने फार काळ टिकत नाहीत. नॅशव्हिल शहरातील 'ग्रँड ओल ऑप्री' हा नभोवाणीचा कार्यक्रम या संगीताचे मुख्य पीठ मानला जातो. तेथे ड्रम वर्ज्य होते. १९४४ साली बॉब विल्स हा फिडलवादक आपल्या मोठ्या ताफ्यासह तेथे आला आणि ड्रमशिवाय वाजवावयास त्याने नकार दिला. आज ड्रमविना कंट्रीचा ताफा शोधावा लागतो. आपल्याकडेही १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने पेटीला दार बंद ठेवले होते. कारण ती परदेशी. दरम्यान महाराष्ट्रातले संगीत नाटक आणि भजन पेटीवरच चालले होते, हे वाचकांना सांगावयास नको.

वाद्यांच्या कसोटीची सर्वांत बोलकी फजिती बक ओवेन्स या थोर गायकाच्या बाबतीत झाली. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड या गावी त्याने आणि पुढे मर्ल हॅगर्ड याने नॅशव्हिलच्या गुळगुळीतपणाविरुद्ध धारदार विद्युत गिटारचे, खणखणीत असे कंट्री उभे केले. १९६५ साली ओवेन्सने एका नियतकालिकात जाहीर प्रतिज्ञाच प्रसिद्ध केली, की जे कंट्री नाही असे एकही गाणे आपण गाणार नाही. आणि त्याच वर्षी त्याच्या संग्रहात चक बेरी या कृष्णवर्णीय रॉक गायकाचे 'मेम्फिस' हे गाणे आले! टीका झाली. चार वर्षांनी त्याने बेरीचेच 'जॉनी बी. गुड' गाऊन कंट्रीच्या यादीत अग्रक्रम मिळविला. आम्हांस यात ढोंग दिसत नाही. ओवेन्सचा कान त्याच्या प्रतिज्ञेपेक्षा मोठा होता, एवढेच.

दुसऱ्या मताकडे वळू. भोगलेल्या आयुष्याचा आग्रह हा या संगीताचा खरा मोठेपणा आहे. जिमी रॉजर्स रेल्वेत नोकरी केलेला आणि क्षयाने पोखरलेला. लॉरेटा लिन केंटकीतील कोळसा खाणकामगाराची मुलगी. हँक विल्यम्सने गुत्त्यातली रात्र आणि पश्चात्तापाची पहाट दोन्ही एकाच गळ्याने गायिली आणि वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, १ जानेवारी १९५३ रोजी, तो गेला. पाप, पतन आणि क्षमा यांविषयी इतक्या साध्या शब्दांत बोलणारे लोकप्रिय संगीत विरळा. परंतु हीच कसोटी प्रामाणिकपणे लावली तर काय होते? चार्ली प्राइड हा मिसिसिपीतील कुळवहिवाटीच्या शेतावर राबणाऱ्या बापाचा मुलगा. लहानपणी कापूस वेचलेला. त्याच्याहून अधिक 'कंट्री' आयुष्य कोणाचे? तरी १९६६ साली त्याची पहिली तबकडी नभोवाणी केंद्रांना पाठविताना कंपनीने त्याचे छायाचित्र सोबत दिले नाही. कारण तो कृष्णवर्णीय होता. १९७१ साली कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षाचा सर्वश्रेष्ठ कलावंत ठरविले, हे खरे. पण आधी आवाज ऐकवून मग चेहरा दाखवावा लागला, हेही खरे. सारांश, जीवनाची कसोटी तत्त्वतः मान्य होती, पण ती सर्वांना सारखी लावली जात नव्हती.

ती कोणी वाकडी केली हे समजण्यासाठी तिसऱ्या, म्हणजे बाजाराच्या मताचा इतिहास पाहावा लागतो. १९२३ साली अटलांटा येथे फिडलिन जॉन कार्सन या गावरान गायकाचे ध्वनिमुद्रण झाले. मुद्रण करणाऱ्या राल्फ पीअर यास ते गायन मुळीच आवडले नव्हते. पण काढलेल्या पाचशे तबकड्या हातोहात खपल्या आणि व्यापाऱ्यांना एक नवे गिऱ्हाईक सापडले. याच पीअरने १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसी व व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी मुक्काम ठोकून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांना प्रथम मुद्रित केले. मात्र तबकड्यांच्या विक्रीसाठी कंपन्यांनी दोन वेगळ्या सूची ठेवल्या : गोऱ्या खेडुतांच्या संगीताची एक आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताची दुसरी. गाणी अनेकदा तीच, चाली त्याच, कधी वादकही एकमेकांकडून शिकलेले. पण सूची दोन. 'कंट्री' हे आजचे नावही बरेच उशिरा आले. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने १९४४ साली या गाण्यांची यादी सुरू केली ती 'फोक' या नावाने. १९४९ साली तिला 'कंट्री अँड वेस्टर्न' म्हटले. ज्या कुंपणाला आज परंपरा म्हणतात, ते दुकानदाराने माल मांडण्यासाठी ठोकलेल्या फळ्यांचे आहे.

कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पाय असलेली माणसे मात्र पहिल्यापासून होती. कार्टर कुटुंबाचा प्रमुख ए. पी. कार्टर गावोगाव फिरून जुनी गाणी व स्तोत्रे गोळा करी, तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द टिपून घेई, रिडल चाल लक्षात ठेवी. मेबेल कार्टरच्या ज्या गिटारवादनाने पुढील पिढ्या घडल्या, त्यातही रिडलचा वाटा आहे. हँक विल्यम्सला लहानपणी अलाबामात गिटार शिकविली ती रूफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या गायकाने. तबकडीच्या वेष्टनावर यांपैकी कोणाचेही नाव नव्हते.

बाजाराच्या याद्यांनी पुढेही असाच न्याय केला. १९६२ साली रे चार्ल्सने कंट्री गाण्यांचा आख्खा संग्रह काढला. त्यातले एक गाणे देशात सर्वांत लोकप्रिय ठरले. परंतु कंट्रीच्या यादीत त्याला स्थानच मिळाले नाही. अर्धशतकाहून अधिक काळानंतर, २०२१ साली, कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या सन्मानदालनात त्याची निवड झाली. तेव्हा त्याला जाऊन सतरा वर्षे लोटली होती. २०१९ साली लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे 'ओल्ड टाउन रोड' हे गाणे बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढून टाकले. आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक त्यात नाहीत, असे कारण दिले. मग बिली रे सायरस या कंट्री गायकाला बरोबर घेऊन तेच गाणे पुन्हा निघाले आणि सर्वसाधारण यादीत एकोणीस आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

येथे आम्हांस आमचे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. 'ओल्ड टाउन रोड' हे गमतीचे, चटकदार, पण पातळ गाणे आहे. त्यात घोडा आहे, टोपी आहे. माणूस फारसा नाही. ते कंट्री नाही असे कोणी म्हटले तर आम्ही भांडणार नाही. पण २०१२ साली फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या गोऱ्या जोडीचे 'क्रूझ' हे गाणे निघाले. तेही तितकेच पातळ, तितकेच ठोक्यावर चालणारे. त्याची पुढील आवृत्ती तर नेली या रॅप गायकाबरोबर केलेली. ते कंट्रीच्या यादीत चोवीस आठवडे शिखरावर होते आणि कोणी ते खाली उतरविले नाही. गज एकच असेल तर त्याने दोन्ही कापडे मोजली पाहिजेत. एकाच कापडाला गज लावायचा आणि दुसरे डोळे मिटून गिऱ्हाइकाला द्यायचे, याला मोजमाप म्हणत नाहीत.

एवढ्यावरून शुद्धतावाद्यांची सर्व तक्रार द्वेषातून आली, असा निष्कर्ष मात्र काढू नये. त्यांच्या दुःखात एक खरा सल आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात चेट अ‍ॅटकिन्स व ओवेन ब्रॅडली यांनी 'नॅशव्हिल साउंड' नावाचा मुलायम घाट घडविला, तो रॉक संगीताच्या लाटेत बाजार टिकविण्यासाठी. या घाटाचे मर्म काय, असे विचारता अ‍ॅटकिन्सने खिशातली नाणी खुळखुळवून दाखविली, असे सांगतात. १९७४ साली ऑस्ट्रेलियात वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉन या पॉप गायिकेला कंट्रीची सर्वोत्तम गायिका म्हणून गौरविले गेले, तेव्हा जुने कलावंत जॉर्ज जोन्स व टॅमी वाइनेट यांच्या घरी जमले आणि त्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली. पुढच्याच वर्षी जॉन डेन्व्हरचे नाव असलेले पारितोषिकाचे पत्र चार्ली रिचने रंगमंचावरच पेटविले. १९९९ साली पारितोषिक सोहळ्यात वृद्ध जॉर्ज जोन्सला त्याचे गाणे काटछाट करून गाण्यास सांगण्यात आले. तो गेलाच नाही. तेव्हा अ‍ॅलन जॅक्सनने स्वतःचे गाणे मध्येच थांबवून जोन्सचे गाणे गायिले आणि तो निघून गेला. ही कृती आम्हांस रिचच्या पेटत्या कागदापेक्षा कितीतरी थोर वाटते. एकाने परक्याला हिणवले, दुसऱ्याने वडीलधाऱ्याचा मान राखला. शुद्धतेचा आग्रह आणि परंपरेचे प्रेम यांतील फरक या दोन प्रसंगांत स्वच्छ दिसतो.

मग कसोटी कोणती? आमच्या मते दोन प्रश्न पुरेत. गाणे कोणा एका माणसाचे जगणे साध्या, नेमक्या शब्दांत सांगते काय? आणि ज्यांच्याकडून ते आले त्यांचे ऋण ते मानते काय? दुसरा प्रश्न नीतीचा आहे, संगीताचा नव्हे, असा आक्षेप येईल. परंतु हातोहाती चालत आलेल्या कलेत ऋण कानाला ऐकू येते. १९०७ सालच्या एका ख्रिस्ती स्तोत्राला कार्टर कुटुंबाने १९३५ साली आईच्या अंत्ययात्रेचे गाणे करून टाकले. स्तोत्राची ओळख राहिली आणि शोक मात्र एका घराचा झाला. १९७१ साली कॅलिफोर्नियातील लांब केसांच्या तरुणांचा 'निटी ग्रिटी डर्ट बँड' हा ताफा नॅशव्हिलला आला, मेबेल कार्टर, अर्ल स्क्रग्ज आणि रॉय एकफ या ज्येष्ठांच्या शेजारी बसला आणि पुढच्या वर्षी त्याच गाण्याच्या नावाने तीन तबकड्यांचा संच काढला. त्या तरुणांपैकी कोणी खाणीत राबलेला नव्हता. पण त्यांनी आधी ऐकले, मग वाजविले. आणि हे त्या संचात जागोजाग कळते.

या कसोटीवर जिम रीव्हज उतरतो. त्याच्या मागचा साज शहरी असेल. पण दूरध्वनीवरून दुरावलेल्या प्रियेशी हळू आवाजात बोलणारा त्याचा माणूस खरा आहे, आणि त्याच्या स्वरातील संयम जुन्या कथनगीतांचाच आहे. १९६१ सालचे पॅट्सी क्लाइनचे 'क्रेझी'ही उतरते. त्यात फिडल नाही, पण शब्द ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतो तेथे संपूर्ण दुःख उभे राहते. रे चार्ल्स तर नुसता उतरत नाही, कसोटीच शिकवितो.

बियॉन्सेच्या २०२४ सालच्या 'काउबॉय कार्टर' या संग्रहावरून अलीकडे जो गदारोळ झाला, त्यालाही हीच कसोटी लावावी. टेक्सासमध्ये वाढलेल्या या कृष्णवर्णीय गायिकेचे एक गाणे कंट्रीच्या यादीत पहिले आले. हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. कंट्री म्युझिक असोसिएशनने त्या वर्षी तिला एकही नामांकन दिले नाही; २०२५ च्या फेब्रुवारीत ग्रॅमीने तिला सर्वोत्तम कंट्री संग्रहाचे पारितोषिक दिले. त्यानंतर काही महिन्यांत त्या पारितोषिकाचे 'पारंपरिक' आणि 'समकालीन' असे दोन भाग करण्यात आले. म्हणजे आणखी एक फळी ठोकली गेली. बियॉन्सेने स्वतःच हा संग्रह कंट्रीचा नसून आपला आहे, असे म्हटले होते आणि ते योग्यच आहे. सत्तावीस तुकड्यांचा तो पसारा आहे. त्यातले काही निश्चित कंट्री, काही मुळीच नव्हे, आणि काही ठिकाणी प्रदर्शनाचा सोस कथनावर मात करतो. पण तिने रिअनन गिडन्सचा बँजो वाजवून घेतला आणि लिंडा मार्टेलला सन्मानाने बोलाविले, जी १९६९ साली ऑप्रीवर गायिली आणि पुढे विस्मृतीत ढकलली गेली. ऋणाच्या प्रश्नाला हा संग्रह नि:संदिग्ध उत्तर देतो.

अखेर ज्या पीठावरून 'हे कंट्री नव्हे' असा निवाडा दिला जातो, त्या पीठाच्या नावाची हकीकत सांगतो. डिसेंबर १९२७ मधील एका रात्री नॅशव्हिलच्या केंद्रावर अभिजात संगीताचा कार्यक्रम संपला आणि खेडुतांचा सुरू झाला. निवेदक जॉर्ज हे याने पहिल्या वादकास पुढे केले. तो डीफोर्ड बेली, गुलामांचा नातू. त्याने माउथ ऑर्गनवर आगगाडी धावविली. ते संपताच हे म्हणाला, की इतका वेळ आपण ग्रँड ऑपेरा ऐकत होतो, यापुढे ऐकू 'ग्रँड ओल ऑप्री'. नाव पडले ते त्या रात्री, त्या कृष्णवर्णीय वादकाच्या श्वासावर. १९४१ साली त्याच कार्यक्रमातून बेलीला काढून टाकण्यात आले. पुढे नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचे दुकान चालवून त्याने संसार केला. १९८२ साली तो वारला आणि २००५ साली सन्मानदालनात त्याचे नाव लागले.

आमच्या वाचकांनी जिम रीव्हज अवश्य ऐकावा; त्याने आपल्या घरांना दिलेला आनंद कोणाच्या व्याख्येने कमी होत नाही. पण त्याच बैठकीत बेलीचा 'पॅन अमेरिकन ब्लूज' ऐकावा, मग रे चार्ल्स, मग चार्ली प्राइड. मुलांनाही जवळ बसवावे. कोणता आवाज कुंपणाच्या कोणत्या बाजूचा, हे त्यांना आधी सांगू नये.